नाही न म्हणणारं दुकान

वसईकडच्या गिरीज गावच्या हरिश्चंद्र राऊताला मुंबई ठाऊक होती ती भायखळ्याच्या बाजारापुरती. केळीचे घड उतरवायचे, दलालाशी घसा कोरडा पडेस्तोवर भांडायचं, पोरांसाठी जिलबी बांधून घ्यायची आणि परत. फोर्टात त्याचं काय काम? तिथे केळी खाणारे राहतात, पिकवणाऱ्याने तिथे जाऊन काय बघायचं, असं तो म्हणे. आणि तोच हरिश्चंद्र एकावन्न सालच्या चैत्रात, भर मंगळवारी, स्वतःच्या लग्नातला काळा कोट चढवून हॉर्नबी रोडवरच्या ‘क्लेमंट अँड पार्सन्स’ या चारमजली दुकानासमोर उभा होता. कोटाचं पुढचं बटण लागत नव्हतं. शेजारी रविवारचा ठेवणीतला सूट घालून उभा होता सॅन्टन परेरा, ज्याच्याशी तो दोन वर्षं धड बोलला नव्हता.

या दोघांना तिथवर आणलं ते रविवारच्या पाण्याने.

हरिश्चंद्राची वाडी आणि सॅन्टनची वाडी यांच्या मधोमध एक बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं खणलेलं तळं. ते दोघांच्या आजोबांनी मिळून खणलं, त्यावर एकच रहाट बसवला आणि पाण्याच्या पाळ्याही त्यांनीच ठरवल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार राऊतांचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार परेरांचे. रविवारी सॅन्टनचे आजोबा ॲन्सेल्म मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जात आणि त्या दिवशी कुदळीला हात लावत नसत. तेव्हा हरिश्चंद्राचे आजोबा म्हणाले, “मग मी एकट्यानेच काय म्हणून राबावं? रविवारी रहाटही झोपेल आणि रेडाही.” साठ वर्षं हे असंच चाललं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते हरिश्चंद्राने पानवेल लावली तेव्हा. केळीचं एक बरं असतं, ती बिचारी दोन दिवस तहान सोसते. पानवेल म्हणजे नवसाची लेक. वाऱ्याने रुसते, उन्हाने रुसते आणि चैत्रात सलग दोन दिवस पाणी चुकलं तर मानच टाकते. शुक्रवारनंतर हरिश्चंद्राची पाळी यायची ती एकदम सोमवारी. मागच्या उन्हाळ्यात निम्म्या वेली जळाल्या. यंदा त्याने पुन्हा लावल्या होत्या, आणि दर रविवारी आनंदीबाई, त्याची बायको, घरच्या आडाच्या घागरी कमरेवरून वाहून त्यांच्या मुळाशी ओतत होती. पण घागरीने कुठे वाडी भिजते?

“सॅन्टन, रविवारी तुम्ही काम करत नाय, पाणी नुसतं पडून राहते,” हरिश्चंद्र म्हणाला होता. “तो दिवस मना दे.”

“रविवार अर्धा माझा हाय,” सॅन्टन म्हणाला. “माझ्या रविवारी रहाट करकरणार नाय.”

एकाने आवाज चढवला, दुसऱ्याने त्याहून चढवला. आजोबा दोघेही भले होते, नातू दोघेही हट्टी निघाले. तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहत होते, आणि वेली वाळत होत्या.

आता पैजेचं. सॅन्टन नाताळात बोटीवर नोकरीला असलेल्या आपल्या भाच्याबरोबर फोर्टात जाऊन आला आणि आल्यापासून त्याच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. माणिकपूरच्या चहाच्या दुकानात बसून तो सांगत होता, “त्या दुकानात ‘नाय’ हा शब्द नाय. मागाल ते देतात. नसलं तं मागवून देतात. तिथल्या मानसाने ‘नाय’ म्हटलं तं त्याची नोकरी जाते.” हरिश्चंद्र पलीकडच्या बाकावर होता. सॅन्टनशी तो बोलत नसल्यामुळे त्याने चहावाल्याला सांगितलं, “याला सांगा, मी त्या दुकानाच्या तोंडून ‘नाय’ काढून दाखवीन.” सॅन्टनने चहावाल्याला सांगितलं, “याला सांगा, दाखव.” अशी ही पैज चहावाल्याच्या मार्फत लागली. दुकानाने ‘नाही’ म्हटलं तर रविवारचं पाणी हरिश्चंद्राचं. ‘नाही’ म्हटलं नाही तर हरिश्चंद्राने जन्मात रविवारचं नाव काढायचं नाही. सॅन्टनने एक अट घातली, “चंद्र-चांदण्या मागायच्या नाय. वाडीला लागते तीच वस्तू मागायची.” हरिश्चंद्राला तर हेच हवं होतं. काचेच्या कपाटांत अत्तरं ठेवणाऱ्यांना वाडीतलं काय कळणार? तो मिशीत हसला आणि चहाचे पैसे दोघांचे देऊन गेला.

तर दुकान. दारावर फेटा आणि पितळी बटणांचा दरवान. त्याने हरिश्चंद्राला असा कडक सलाम ठोकला की हरिश्चंद्राने मागे वळून पाहिलं, कुणी साहेब आला की काय. मागे कुणी नव्हतं. मग त्यानेही सलाम ठोकला. दरवानाने पुन्हा ठोकला. हरिश्चंद्राने पुन्हा. सॅन्टनने कोटाला धरून आत ओढलं नसतं तर दिवे लागेपर्यंत दोघांचं तेच चाललं असतं.

आत शिरला मात्र, आणि हरिश्चंद्राचा जबडा खाली आला तो वर जाईना. बाहेर चैत्राचं ऊन आणि आत माघाचा गारवा. जमीन इतकी घोटलेली की तिच्यात स्वतःचं धोतर दिसत होतं. त्याने ते आवरून धरलं आणि चिखलातल्या बगळ्यासारखं एकेक पाऊल टाकू लागला. डावीकडे नुसते हातमोजे, माणसाला हात दोन असताना शंभर जोड. उजवीकडे छत्र्या, इतक्या नाजूक की पाऊस पाहून त्याच घरात पळाव्यात. एका झगेवाल्या मुलीने हसत हसत त्याच्या मनगटावर अत्तर उडवलं. असं फुकट अत्तर लावतात ते कुठे, हे हरिश्चंद्राला पक्कं ठाऊक होतं.

“लग्न कुणाचं हाय?” त्याने विचारलं.

मुलीला मराठी येत नव्हतं. तिने हसून दुसऱ्या मनगटावरही उडवलं.

“बघितलंत?” सॅन्टन छताकडे बघत हवेलाच म्हणाला. दुकान जणू त्याच्याच सासऱ्याचं होतं.

हरिश्चंद्राला आतून गुदगुल्या होत होत्या, पण पैज आठवून त्याने चेहरा सुतकी केला. एवढ्यात गळ्यात टाय, केस चापून बसवलेला एक गृहस्थ हात जोडून समोर आला. “नमस्कार शेठ. मी भालचंद्र. मराठी गिऱ्हाइकांकडे मीच पाहतो. काय सेवा करू?”

हरिश्चंद्राने छाती पुढे काढली. उरलेल्या दोन बटणांपैकी एक तुटून हातमोज्यांत जाऊन पडलं. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“माती हाय का?” त्याने विचारलं.

दोन बायका थबकल्या. भालचंद्राची भुवई जागची हलली नाही. “आहे ना शेठ. कशाला हवी? गुलाबाला, नेच्याला, की कुंडीतल्या ताडाला?”

“माती,” हरिश्चंद्र पुन्हा म्हणाला. त्याला वाटलं, याने नीट ऐकलं नसेल. “पायाखालची. माती.”

“वर गच्चीवर बागेचा विभाग आहे. या.”

भालचंद्राने त्यांना एका पिंजऱ्यात घातलं, जाळी ओढली आणि पिंजरा वर निघाला. सॅन्टनने छातीवर क्रुसाची खूण केली. हरिश्चंद्राने जीवदानी आईला हाक मारली. सकाळचे पोहे वर चढले की पोहे जागेवर राहिले आणि आपणच वर चढलो, हे त्याला कळेना. बाहेर पडताना दोघांनी एकमेकांचा हात धरलेला होता. लक्षात येताच दोघांनीही तो निखाऱ्यासारखा सोडला.

गच्चीवर कापडी छताखाली कुंड्या, लोखंडी बाकं, चकचकीत फावडी. इतकी चकचकीत की त्यांनी माती उकरायची म्हणजे पाप. भालचंद्राने एक डबा आणला. डब्यावर गुलाबाचं चित्र, आणि आत काळी भुसभुशीत माती. हरिश्चंद्राने चिमूटभर घेतली, हुंगली आणि जिभेवर ठेवली. वाडीवाला माती चाखूनच ओळखतो, त्यात त्याला विशेष काही वाटलं नाही. गच्चीवरच्या गिऱ्हाइकांना मात्र वाटलं. ती जवळ सरकली.

“हिला चव नाय,” तो म्हणाला. “खार नाय, ओल नाय. हिने कधी बैल बघितलेला नाय.”

“पण माती हाय ना?” सॅन्टनने भालचंद्राला विचारलं.

माती होती. हरिश्चंद्राने जीभ धोतराला पुसली. “बरं. शेण द्या.”

“गाईचं की घोड्याचं?”

हरिश्चंद्राने आधाराला एक कुंडी धरली. भालचंद्र कागदी पिशवी घेऊन आला. वर विलायती गाईचं चित्र, गाय हसतेय आणि गळ्यात तिच्या लाल फीत. आत वाळवून, चाळून, भुकटी केलेलं शेण. वास औषधालासुद्धा नाही. गिरीजला आनंदीबाई पहाटे उठून जे पाटीने गोळा करते, ते इथे फीत बांधून काचेमागे ठेवलंय! हरिश्चंद्राच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी वाटलं पोहे. पण ते हसू होतं. तो त्या गाईकडे पाही आणि हसे, सॅन्टनकडे पाही आणि हसे. सॅन्टनने बराच वेळ गाल आवळून धरले, आणि मग त्याचाही बांध फुटला.

“हिला... हिला विचार, काय म्हणून हसते!”

“तिचं शेण विकत घेतात, हसणार नाय तं काय!”

दोन वर्षांनी ते एकमेकांशी सरळ बोलले, आणि बोलले ते हे. चहावाला नसल्यामुळे इलाजही नव्हता.

पण पैज ती पैज. हरिश्चंद्राने डोळे पुसले आणि केळीचं सोपट मागितलं. केळीच्या खांबाचा वाळलेला पापुद्रा, त्याने वेली बांधतात, आणि ते रचून ठेवायची बुद्धी वसईबाहेर कुणाला असणार? भालचंद्राने आफ्रिकेच्या कुठल्याशा बेटावरून आलेल्या पिवळ्या दोऱ्यांची जुडी पुढे केली. “विलायतेत रोपं यानेच बांधतात शेठ.” हरिश्चंद्राने त्याची एक गाठ मारली, वेलीला मारतात तशी, हलकी आणि तरी न सुटणारी. दोरा तुटला नाही. त्याला वाईट वाटलं आणि जरा कौतुकही वाटलं. सभोवतीच्या एका मडमेने ती गाठ पुन्हा मारून दाखवायला सांगितली. त्याने दाखवली. तिने टाळ्या वाजवल्या. मग आणखी तिघींना शिकवली, आणि त्यात अर्धा तास गेला.

“बुजगावणं!” तो एकदम ओरडला. आता त्याच्या अंगात आलं होतं.

भालचंद्राने क्षणभर विचार केला, खाली निरोप धाडला आणि दोन हमालांनी शिंप्यांच्या विभागातून एक लाकडी साहेब उचलून आणला. नाक जरा उडालेलं, बाकी अंगावर तीन तुकड्यांचा सूट आणि डोक्यावर हॅट. “कावळे येणार नाहीत शेठ, याची खात्री. नाक फुटलंय म्हणून सवलतीत देऊ.”

“येणार नाय?” सॅन्टन म्हणाला. “कावळे रांग लावून नोकरी मागायला येतील!”

हरिश्चंद्र खाली बसला. तो साहेब आपल्या पानवेलीत उभा आहे, आनंदीबाई पहाटे अंधारात घागर घेऊन येतेय आणि त्याला पाहून डोक्यावर पदर घेतेय, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. हसून हसून त्याच्या कुशीत कळ आली. गांडुळं मागितली, तर ती मासे पकडणाऱ्या साहेबलोकांसाठी दर गुरुवारी येत होती. रेड्याच्या मानेचं जू मागितलं. भालचंद्राने रेड्याच्या मानेचं माप विचारलं आणि वहीत लिहून घेतलं, “मागवून देऊ.” मंत्र घातलेली काळी बाहुली मागितली, नजर लागू नये म्हणून. “मंत्र कोणत्या गावचा हवा?” भालचंद्राने विचारलं.

हरिश्चंद्र हरत होता. हरतोय हे त्याला चांगलं कळत होतं. प्रत्येक ‘आहे शेठ’बरोबर रविवार चार बोटं लांब जात होता, आणि तरी गेल्या दोन वर्षांत इतकी मजा आली नव्हती. बाजूला सॅन्टन पोट धरून हसत होता, लहानपणी बावखलात उड्या मारताना हसायचा तसाच. याच्याशी आपण दोन वर्षं बोललो नाही म्हणजे किती हसणं वाया गेलं, असं हरिश्चंद्राला वाटून गेलं.

आणि मग त्याला ते यंत्र दिसलं.

गच्चीच्या कोपऱ्यात हिरवळीचा एक तुकडा होता आणि त्याच्या मधोमध पितळेची फिरकी. भालचंद्राने चावी फिरवली. फिरकी गरगरू लागली आणि तिच्यातून पाण्याचे बारीक तुषार गोल गोल उडू लागले. ना रहाट, ना रेडा, ना पाट. गवताचं पातं न् पातं सारखं भिजत होतं. हरिश्चंद्र चालत चालत त्या तुषारांत जाऊन उभा राहिला. कोट भिजला, टोपी भिजली, अत्तर धुऊन गेलं. त्याला भान नव्हतं. पानवेलीला असंच तर पाणी लागतं! वरून, हलकं, पानालाही आणि मुळालाही. असं यंत्र असतं तर आनंदीबाईच्या कमरेवर घागरीचा घट्टा पडला नसता.

“किती पाणी लागते याला?” त्याने विचारलं.

“नळाला जोडायचं शेठ. पाणी काय, येतच राहतं.”

हरिश्चंद्राचं हसू तिथे थांबलं. तो तसाच उभा राहिला आणि तुषार त्याच्या तोंडावर पडत राहिले. येतच राहतं! तो भालचंद्राकडे वळला, आणि आता बोलला त्यात पैज नव्हती, डावपेच नव्हते, काही नव्हतं.

“यंत्र नको मना. मना पाणी पायजे. रविवारचं. गिरीजच्या आमच्या बावखलातलं, रविवारी सकाळचं. माझ्या वेली मरतात हो! ते द्या. हाय तुमच्याकडे?”

गिऱ्हाइकांच्या गर्दीतून दुकानाचे मॅनेजर पुढे आले, गोल काळ्या टोपीचे एक लठ्ठ पारशी गृहस्थ. हा आरडाओरडा ऐकून ते केव्हाचे वर आले होते आणि मागे उभे राहून मजा पाहत होते.

“भालचंद्र, लिहून घे,” ते म्हणाले. “रविवारचा पाणी. शेठ, चाळीस वरस झाला, या दुकानातून कोणी हात हलवत गेला नाय. माल कुठे हाय?”

“गिरीजला.”

“मालक कोण?”

हरिश्चंद्राने नुसतं बोट दाखवलं. दाखवलं आणि झटकन खाली घेतलं. आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं. आता सॅन्टनने ‘घ्या’ एवढं म्हटलं की संपलं. दुकानाने वस्तू मिळवून दिली, पैज सॅन्टनची. एका रविवारचं पाणी विकत मिळेल, पण पुढचे सगळे रविवार जातील, आणि वर तोंड उघडायचीही सोय राहणार नाही. आपल्याच कुऱ्हाडीचा दांडा, आपलाच पाय.

मॅनेजर सॅन्टनकडे वळले. “अरे, मालक तर इथेच हाय! बोला मिस्टर, काय घेणार त्या पाण्याचा? पैसा नको असला तर दुकानात काय पण उचला. रेडिओ उचला. सायकल उचला.”

सायकल! सॅन्टनला सायकल हवी हे अख्ख्या गिरीजला माहीत होतं. माणिकपूरला भाजी घेऊन तो रोज चालत जाई, आणि त्याचा डावा गुडघा दर पावसाळ्यात सुजे. हरिश्चंद्राने मान खाली घातली. त्याच्या टोपीतून पाणी गळत होतं. सॅन्टनच्या जागी आपण असतो तर? आपण सायकल घेतली असती, त्याने स्वतःलाच खरं सांगितलं.

सॅन्टनने सुटाची बाही ओढली. मॅनेजरांकडे पाहिलं, त्या गरगरत्या फिरकीकडे पाहिलं, आणि भिजून चिंब झालेल्या हरिश्चंद्राकडे बराच वेळ पाहिलं.

“नाय,” तो म्हणाला.

“दोन सायकली.”

“नाय हो साहेब. आम्ही पाणी विकत नाय. आमच्या आज्याने विकलं नाय, बापाने विकलं नाय. केळी विकतो, भाजी विकतो. पाणी नाय.”

मॅनेजरांनी रुमालाने कपाळ पुसलं. चाळीस वर्षांत असं कुणी बोललं नसावं. “कोई बात नाय,” ते म्हणाले, “भालचंद्र, दुसरीकडून मागव.”

भालचंद्राने वही उघडली. पेन्सिल टेकवली. मग वही मिटली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उजाडत गेलं, जणू पंधरा वर्षं घट्ट टाय बांधलेल्या माणसाने ती आत्ता सैल केली असावी.

“नाही, साहेब,” तो म्हणाला.

“काय?”

“नाही. हे दुसरीकडे मिळत नाही. मागवता येणार नाही. नाही!” तो शब्द त्याला इतका गोड लागला की त्याने तो आणखी दोनदा म्हटला, एकदा फुटक्या नाकाच्या लाकडी साहेबाकडे बघून आणि एकदा आकाशाकडे. गिऱ्हाइकांनी टाळ्या पिटल्या. कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्या दिवशी गच्चीवर सगळ्यांनाच काहीतरी चढलं होतं. मॅनेजरांनी आधी डोळे वटारले, मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि शेवटी तेही हसू लागले. “जा, चहा पी,” ते भालचंद्राला म्हणाले. “बिमार पडला असशील.”

पैज हरिश्चंद्राने जिंकली होती. ज्या शब्दासाठी लग्नातला कोट बाहेर काढला तो दुकानाच्या माणसाने एकदा सोडून पाचदा म्हटला होता. रविवारचं पाणी त्याचं झालं होतं. आणि तरी ‘जिंकलो’ हा शब्द त्याच्या तोंडातून फुटेना.

खाली जाताना दोघांनी पिंजऱ्याकडे पाहिलंही नाही, सरळ जिन्याने निघाले. तीन मजले उतरून झाले. हरिश्चंद्राच्या कोटातून प्रत्येक पायरीवर पाणी ठिबकत होतं.

“तू ‘घ्या’ म्हणायचं होतंस,” शेवटी तो म्हणाला. “पैज तुझी झाली असती. वर सायकल.”

“मना ठावं हाय.”

“ठावं होतं? तेव्हाच?”

“मी काय खुळा हाय?” सॅन्टन पायरीवर थांबला. गुडघा दुखत होता म्हणून थांबला, असं त्याने दाखवलं. “माझ्या खाटेसमोर खिडकी हाय, हरी. उठलो की पयल्या तुझ्या वेली दिसतात. आनंदीवयनी घागरी ओतते ते दिसते. दोन वर्षं मी दर रविवारी ते बघून मिस्सेला जातो. तिथे गुडघे टेकतो, तं देवाकडे काय मागायचं तेच सुचत नाय.”

भरल्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या मडमांच्या देखत, पन्नाशीच्या हरिश्चंद्राने ओल्या बाहीने नाक पुसलं.

“मना नको रविवार,” तो म्हणाला. “तुझा तुला राहू दे.”

“गपचूप घे. नाय घेतलास तं आत्ता वर जाऊन विकून येईन.”

हरिश्चंद्र हसला. हसताना त्याला रडू येत होतं आणि रडताना हसू. दरवानाने दार उघडून सलाम ठोकला, आणि या वेळी दोघांनी मिळून ठोकला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्त्यात सॅन्टन जरा लंगडत होता, म्हणून हरिश्चंद्राने त्याचा दंड धरला.

“मग असं करतो,” हरिश्चंद्र म्हणाला. “रविवारी रेडा मी जुंपतो. पण पयला पाट तुझ्या वाडीत सोडीन, मग माझ्या.”

“रविवारी माझ्या वाडीत काम होत नाय, सांगून ठेवतो.”

“काम पाणी करील. तू मिस्सेला जा.”